चुंबकाला न चिकटलेल्या सुया

त्या दिवशी सकाळी दवाखान्याचं कुलूप मी स्वतःच्या हातानं उघडलं. बावीस वर्षांत अशी पाळी चार-पाचदाच आली असेल, आणि प्रत्येक वेळी मी त्यावरून चिडलो होतो. त्याही दिवशी चिडलोच. माझा कंपाउंडर सिद्राम दोन दिवस तापानं घरी होता. तिसऱ्या दिवशी नक्की येतो, असा त्याचा कुंभारीहून निरोप होता, आणि सिद्राम येतो म्हणाला की यायचाच. स्टोव्हची पिन सापडेना, सिरिंजा उकळायचं भांडं आदल्या दिवशी मी कुठल्या फळीवर ठेवलं तेही आठवेना. तोंडानं पुटपुटत मी खण उघडत होतो, तेवढ्यात दारात व्यंकटेश येऊन उभा राहिला. आमच्या दवाखान्याला लागून विणकरांची गल्ली आहे, तिथला हा हातमागवाला. आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "तो आला न्हाय का?"

"तो कोण?" मी मुद्दामच विचारलं.

"ताणा पसरायचाय, डॉक्टर. बाया थांबल्यात. ऊन चढलं की खळ वाळती."

नाव त्यानं घेतलं नाहीच. सहा वर्षं त्या गल्लीत कुणी सिद्रामचं नाव घेत नव्हतं, आणि सहा वर्षं रोज सकाळी सिद्राम येऊन गेल्याशिवाय त्या गल्लीत कुणी ताण्याला हात लावत नव्हतं. आज येईल थोड्या वेळात, असं सांगून मी व्यंकटेशला वाटेला लावलं. दहाच्या सुमाराला कुंभारीचा दूधवाला सायकल भिंतीला टेकवून आत आला, डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलं आणि म्हणाला, "सायेब, सिद्रामण्णा पहाटं गेलं." समोर बाकावर पाच-सहा पेशंट बसले होते. त्यातल्या एका बाईची नाडी मी बघत होतो. तिची नाडी मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली... का, ते आजही सांगता येणार नाही.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. सिद्रामवर काही लिहावं असं वर्तमानपत्राला वाटण्याचं कारण नाही. तो एका साध्या दवाखान्यातला कंपाउंडर होता. लिहायची गरज मला आहे. का, ते पुढं येईल.

मी सोलापुरात दवाखाना थाटला तेव्हा सिद्राम पंचविशीत होता. कुंभारीहून सायकलनं यायचा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हँडलला भाकरीचं फडकं. शिक्षण सातवी. मी त्याला पुड्या बांधायला ठेवला, आणि वर्षभरात तो सगळंच करू लागला. काचेच्या सिरिंजा उकळणं, मिक्श्चरच्या बाटल्यांना कागदी पट्ट्या चिकटवणं, रडणाऱ्या पोराला बोलण्यात गुंतवणं. पण त्याची खरी करामत सुयांची. तेव्हा सुई एकदा वापरून फेकायची नसे. तीच उकळायची, तीच पुन्हा वापरायची. बोथट झाली की दगडावर घासून धार लावायची. सिद्राम दुपारी पेशंट ओसरले की खिडकीत बसून सुया घासायचा आणि प्रत्येक सुई कापसावरून ओढून बघायचा. कापसाचा एक तंतू जरी अडकला तरी ती सुई पुन्हा दगडावर. मी म्हणायचो, "अरे, पेशंटला टोचायचीय, नवरीच्या नाकात घालायची नाही." तो म्हणायचा, "टोचनार त्याला कळतंय की, सायेब." माझ्या हाताला गुण आहे असं त्या भागात म्हणत. इंजेक्शन दिलेलं कळतसुद्धा नाही म्हणत. तो गुण खिडकीत बसलेल्या माणसाचा होता, हे मला माहीत होतं आणि मी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. गप्प राहायची सवय तिथपासूनची आहे म्हणायची.

ज्या सुया घासूनही सुधारत नसत, वाकत, त्यांचं काय करायचं? त्या टोपलीत जायच्या, कापसाच्या बोळ्यांबरोबर, आणि टोपली झाडणारी बाई गल्लीच्या तोंडाशी असलेल्या उकिरड्यावर रिकामी करायची. सगळेच डॉक्टर तसं करत. एकदा सिद्राम म्हणाला होता, "सायेब, मागं परसात एक खड्डा काढतो. सुया त्यात पुरू." परसात मुरूम होता, पहारीला दाद न देणारा. दोन दिवस खणण्याचा आवाज आणि धुरळा मला नको होता. मी म्हणालो, "फेक रे. कोण बघतंय." एवढंच. हे वाक्य मी विसरलो नाही, आणि तोही विसरला नसणार.

आता त्या गल्लीबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. सोलापुरात यंत्रमागांचा खडखडाट सगळीकडे झाला तरी या गल्लीत हातमाग टिकून होते. तेलुगू बोलणारी विणकर घरं. मागावर चढवण्याआधी उभ्या सुताला, म्हणजे ताण्याला, खळ लावावी लागते. या कामाला पाजणी म्हणतात. घरात एवढी जागा नसते, म्हणून पहाटे गल्लीतच, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाकडी घोड्यांवर ताणा पसरतात, आणि सगळं घर, शेजारपाजारसुद्धा, दोन्ही बाजूंनी कुंचे घेऊन खळ लावत मागं-पुढं चालत राहतं. ऊन चढायच्या आत उरकायचं असतं. आणि हे सगळे अनवाणी. ताण्याजवळ चप्पल चालत नाही. ज्याच्यावर पोट चालतं त्याच्यापाशी चपला घालून कसं जायचं, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा डॉक्टरी शहाणपण शिकवायला गेलो होतो, तर व्यंकटेशची आई नरसम्मा म्हणाली, "तुमी देवळात बूट घालून जाता का, डॉक्टर?" विषय संपला. पाजणी झाली की ज्यानं ज्यानं कुंचा धरला त्याला पेलाभर अंबील मिळायची. ज्वारीच्या पिठाची, ताक घातलेली. ती देणारी नरसम्माच. तिच्या हातची अंबील म्हणजे तू आमच्यातला, असा त्याचा अर्थ होता. सिद्रामला त्या गल्लीत अम्माच्या हातचा पेला रोज ठरलेला. कामावर यायच्या आधी तोही एखादा फेरा कुंचा मारायचा. "सिद्रामण्णाचा हात हलका हाय, सूत तुटत न्हाय," असं बायका म्हणत.

दुष्काळाच्या पाठोपाठच्या उन्हाळ्यात कॉलऱ्याच्या भीतीनं वस्तीवस्तीत टोचणी सुरू झाली. आमच्या भागाची टोचणी माझ्या दवाखान्यात. रांगा बाहेर चौकापर्यंत. सुया पटापट बोथट होत, सिद्रामला घासायला सवड नसे, आणि टोपल्या भरभरून उकिरड्यावर जात. तिथून कोंबड्या, कुत्री, वळवाचा वारा... सुया गल्लीभर पसरल्या. पोरं त्यांचे बाण करून खेळायची. पाजणीच्या वेळी कुणाकुणाच्या पायात सुई जाऊ लागली. जे यायचे त्यांना आम्ही धनुर्वाताचं इंजेक्शन देत होतो. सुई टोचली की दवाखान्यात जायचं, एवढं गल्लीला कळत होतं.

मग एक दिवस नरसम्मा स्वतः आली. माझ्या टेबलावर तिनं तीन सुया ओळीनं ठेवल्या. म्हणाली, "हे तुमचं तुमाला." मी तिला सांगितलं, बघतो. ती गेल्यावर मी सिद्रामवर डाफरलो, जणू सुया त्यानं पिकवल्या होत्या, आणि मला लगेच एक युक्ती सुचली. मला युक्त्या लगेच सुचतात. मी म्हणालो, "त्यांना सांग, काठीला लोहचुंबक बांधा आणि पाजणीआधी गल्लीतनं फिरवा. सगळ्या सुया आपोआप निघतील."

सिद्रामनं टेबलावरची एक सुई उचलून बघितली. "आपल्या सुया चिकटत्याल का, सायेब?"

"लोखंडच ना ते? न चिकटायला काय झालं? जा, सांग."

तो गेला. व्यंकटेशनं देवळातल्या मोडक्या कर्ण्यातला चुंबक काढला, बांबूला बांधला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीतून फिरवला. खिळे निघाले, चुका निघाल्या, तारांचे तुकडे, कुणाच्या तरी शिलाईच्या सुया, पत्र्याच्या चकत्या. बांबूच्या टोकाला काटेरी गोळा झाला. गल्लीला आनंद झाला. चार-पाच दिवस हा कार्यक्रम झाला, मग चुंबकाला काही लागेनासं झालं. गल्ली साफ झाली असं सगळ्यांनी ठरवलं. मीही नरसम्माला म्हणालो, "बघा, निघाल्या की नाही?" ती हसली. त्या हसण्याचा मला आता त्रास होतो.

पद्मा ही व्यंकटेशची बायको. विशी नुकतीच ओलांडलेली, एक वर्षाची मुलगी कडेवर. पाजणी करताना तिच्या टाचेत काहीतरी बोचलं. काढायला गेली तर वरचं टोक हाताला आलं नाही, रक्ताचा थेंब आला. गल्लीत सुया तर राहिल्या नव्हत्या. मग बाभळीचा काटा असणार. तिनं हळद दाबली आणि पुढचा फेरा मारला. आधीचे दिवस असते तर ती सरळ माझ्याकडे आली असती. आठ-नऊ दिवसांनी तिला घेऊन आले तेव्हा तिचा जबडा उघडत नव्हता. कपाळावर, ओठांवर ते ओढलेलं विचित्र हसू... डॉक्टरला धनुर्वाताची ओळख एका नजरेत पटते. मी तिची टाच बघितली. सिद्रामनं चिमटा पुढं केला. चिमट्यात आला तो काटा नव्हता. पाऊण इंच लांब, मोडलेली, आमची सुई. सिद्रामनं ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि मी टांगा बोलवायला ओरडलो. सरकारी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती वारली. खोलीत अंधार करून ठेवला होता, आवाज नको म्हणून सगळ्यांना बाहेर बसवलं होतं. नरसम्मा त्या तीन दिवसांत नातीला घेऊन जिन्याखाली बसून होती.

ती गेली त्याच संध्याकाळी मी दवाखान्यात आलो तर सिद्राम टेबलापाशी उभा होता. त्यानं व्यंकटेशकडून बांबूचा चुंबक मागून आणला होता. समोरच्या ट्रेमध्ये पंधरा-वीस सुया. त्यानं चुंबक वर धरला. एकही सुई हलली नाही. अगदी टेकवला. तरी नाही. मग त्यानं माझ्या कागदांतली एक टाचणी काढून ट्रेमध्ये टाकली, ती उडी मारून चिकटली. सुईची नळी न गंजणाऱ्या पोलादाची, तिचं बूड पितळेचं. दोन्हीला चुंबक धरत नाही. हे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातल्या माणसानं मला सांगितलं असतं. मला विचारायचं सुचलं नाही. सिद्रामनं मात्र विचारलं होतं. आता त्यानं चुंबक फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवला आणि सुया पुन्हा उकळायला टाकल्या.

पद्माचे दिवस झाल्यावर गल्ली देवळाच्या कट्ट्यावर जमली. मला बोलावणं आलं, मी गेलो, मागं सिद्राम. रागानं कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. नरसम्मानं एवढंच विचारलं, "चुंबक फिरवा म्हणून कुणी सांगितलं?" व्यंकटेश म्हणाला, "दवाखान्यातनं सांगितलं." सगळे माझ्याकडे वळले. मी तोंड उघडत होतो. हे मी स्वतःची बाजू मांडायला लिहीत नाही, मी खरंच उघडत होतो... पण काय बोलायचं याची जुळवाजुळव चालली होती, धातूंचं काहीतरी समजावून सांगावं, सरकारच्या टोचणीचं सांगावं. तेवढ्यात मागून सिद्राम पुढं आला. "म्या सांगितलं, अम्मा. माज्याच डोस्क्यातलं. डॉक्टरांस्नी ठावं न्हवतं."

मी तोंड मिटलं. यापेक्षा नेमकं मला लिहिता येणार नाही. मी तोंड मिटलं आणि चपलेकडं बघत उभा राहिलो. सभेत तेवढी एकच चपलांची जोडी होती.

परतताना मी त्याला म्हणालो, "हे काय केलंस?" आवाजात थोडा राग होता माझ्या, कमाल बघा. तो म्हणाला, "तुमच्या दवाखान्यात मानसं यायची थांबली तर ह्या गल्लीला दुसरा डॉक्टर कुटंय, सायेब? चार आन्यांत औषध कोन देनार? कंपाउंडर काय, कुटंबी मिळंल." त्याचा हिशोब पक्का होता आणि त्यात मला सोयीचं होतं ते सगळं होतं. लोक थोडे निवळले की आपण खरं सांगू, असं मी स्वतःला सांगितलं. लोक निवळले. मी सांगितलं नाही.

त्यानंतर गल्लीनं तिच्या परीनं बरंच केलं. परसातल्या त्या मुरमात व्यंकटेश आणि चार जणांनी पहारी मारून पुरुषभर खोल खड्डा काढला, वर फरशी बसवली, फरशीला एक भोक. माझ्याकडून एकही सुई बाहेर जाईना. उकिरडा तिथून हलवला. गल्लीच्या दिव्याच्या खांबाला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा तारेनं बांधला, झाकणाला फट पाडून. ज्याला सुई सापडेल त्यानं त्यात टाकायची. शाळेतल्या पोरांना दम भरला. आणि रोज पहाटे, ताणा पसरायच्या आधी, बायका गल्ली झाडून घेऊ लागल्या.

झाडल्यानंतर सिद्राम यायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुंभारीहून तासभर आधी निघायचा, सायकल चौकात लावायचा, वहाणा काढायचा आणि गल्लीत शिरायचा. दवाखान्यातली बॅटरी घेऊन तो उकिडवा बसायचा, बॅटरी जमिनीला टेकवून तिरपी धरायचा. तसा उजेड टाकला की मातीत पडलेली सुई रेघेसारखी चमकते, हे त्यानं शोधून काढलं होतं. असा हातभर सरकत, हातभर सरकत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिल्या महिन्यात पुष्कळ सापडल्या. मग आठवड्याला एखादी. मग सापडायच्या थांबल्या. तो थांबला नाही. मी एकदा त्याच्या गुडघ्यांकडं बघून म्हणालो, "आता पुरे कर. वर्षभरात एक तरी सापडली का?"

"सापडंना म्हंजी संपल्या असं न्हाय, सायेब. एकदा आपुन तसं समजलो व्हतो की."

'आपुन' म्हणाला. ते एकदाच.

गल्ली त्याच्याशी बोलत नव्हती. तो आला की बायका भिंतीकडं सरकत. तो गेला की ताणा पसरत. त्याच्या हातात पुन्हा कुणी कुंचा दिला नाही. पाजणी संपून अंबील वाटायची वेळ झाली की तो चौकातल्या नळावर ओंजळीनं पाणी पिऊन दवाखान्याचं कुलूप उघडायला येई. मी हे माझ्या खिडकीतून बघायचो. मला मात्र मान पहिल्यासारखाच होता, किंबहुना वाढलाच होता. पद्माच्या मुलीला गोवर झाला तेव्हा मी नरसम्माच्या घरी गेलो होतो. त्या दिवशी मी मनाशी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. नरसम्मानं लोखंडी खुर्ची पुसून दिली, आणि मी बोलायच्या आधीच अंबिलीचा पेला माझ्या हातात ठेवला. थंडगार, वर कोथिंबीर. मी ती प्यालो. चांगली होती. पोरीला औषध लिहून दिलं आणि परत आलो. दवाखान्यात सिद्रामनं माझ्या ओठांवरचा पांढरा थर बघितला आणि म्हणाला, "पोरगी बरी हाय न्हवं?"

सिद्रामच्या तिसऱ्या दिवसाच्या विधीनंतर मी कुंभारीला गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात त्याची सायकल. त्याची बायको शांतव्वा ओसरीवर बसली होती. तिनं आतून एक फडकं आणलं, माझ्यासमोर उलगडलं. बॅटरी होती. "दवाखान्याची हाय म्हनून ठिवली. तापातबी उशाला घेऊन निजलं व्हतं. उद्याच्याला जायाचंय म्हनत व्हतं." मी बॅटरी घेतली. बटण दाबून बघितलं, उगाच. पेटली. मग ती म्हणाली, "सायेब, येक इचारू? पद्माच्या येळंची ती चूक... खरंच ह्यांची व्हती का?"

म्हणजे त्यानं घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. एका ताटाला जेवणाऱ्या बाईलाही सहा वर्षं नाही. मी म्हणालो, "नाही. माझी होती." शांतव्वा पदर सारखा करत बसली. मग म्हणाली, "मला वाटलंच. ह्यो मानूस गोधडीच्या सुईत दोरा ववताना सुदीक दोनदा बघायचा." आणि मी उठताना ती म्हणाली, "माज्या दारात सांगून काय उपेग, सायेब. गल्लीत सांगा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बॅटरी घेऊन गल्लीत गेलो. झाडून झालं होतं. घोड्या लावलेल्या, ताण्याचं भेंडोळं बाजूला. सिद्राम यायचा थांबल्यापासून त्यांनी बिनतपासणीची पाजणी केली नव्हती. काम पडून होतं. मी चौकात वहाणा काढल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी उकिडवं बसणं हा काय प्रकार असतो ते हातभर सरकल्यावर कळलं. पुढं मी सरळ हातापायांवर रांगलो. धोतराला माती लागली. कुणी हसलं नाही. माती जवळून बघितली तेव्हा लक्षात आलं की तिथं काय काय चमकतं. काचेचा कण, अभ्रक, बांगडीचा तुकडा. प्रत्येक चमकीपाशी काळीज थांबतं. सिद्रामचं रोज किती वेळा थांबत असेल... दुसऱ्या टोकाला पोचलो तेव्हा नरसम्मा तिथं उभी होती. पद्माची मुलगी, आता सात वर्षांची, तिचा पदर धरून.

मी उठलो आणि सांगितलं. चुंबक मी सांगितला. त्यानं विचारलं होतं चिकटतील का, मी चिकटतील म्हणालो. सुया फेकायलाही मीच सांगितलं होतं. कट्ट्यावर तो खोटं बोलला आणि मी गप्प बसलो. सगळं एका दमात, शाळेतल्या मुलासारखं. व्यंकटेश कुंचा हातात धरून ऐकत होता. बायका भिंतीला टेकलेल्या. कुणीतरी अंगावर धावून यावं असं मला वाटत होतं. ते काही झालं नाही.

नरसम्मा बराच वेळ माझ्या अनवाणी पायांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आमी त्याला सा वर्सं पाणी विचारलं न्हाय, डॉक्टर." तिनं नातीला जवळ ओढलं. "एका शब्दाचं काम व्हतं तुमचं. तो जित्ता असताना तुमी बोलला असता, तर पेलाभर अंबील तरी प्याला असता तो माज्या हातची."

 मी माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं. व्यंकटेशनं ताण्याचं टोक उचललं आणि सगळे कामाला लागले.

हे इथं छापायला देण्याचं कारण असं, की त्या गल्लीबाहेरही, पेठेत, मंडईत, कुंभारीच्या पारावर, 'कंपाउंडरच्या चुकीनं बाई गेली' असं सहा वर्षं बोललं गेलं आहे. ते सगळीकडं जाऊन पुसायला माझे पाय पुरणार नाहीत. म्हणून नावानिशी सांगतो: सिद्रामची चूक नव्हती. त्याचा दोष एवढाच, की तो माझ्याकडं कामाला होता.

तेव्हापासून रोज पहाटे मी जातो. दवाखान्याचं कुलूप आता मीच उघडतो, पण त्याआधी गल्ली. गुडघ्यांना तेल लावून, बॅटरी जमिनीला टेकवून, तिरपी. सात आठवड्यांत एकही सुई मिळालेली नाही, आणि त्याचा अर्थ मी काही लावत नाही. खांबावरचा डबा हलवून बघतो. आत सिद्रामनं वेचलेल्या जुन्या सुया आहेत, गंज न लागलेल्या, खुळखुळतात.

गेल्या सोमवारी माझा फेरा संपला, पाजणीही संपली. मी चौकात वहाणा घालत होतो. नरसम्मा अंबिलीची चरवी घेऊन बाहेर आली, एकेकाला पेला देत देत या टोकाला पोचली. तिनं आणखी एक पेला भरला आणि माझ्या दिशेनं यायला लागली. माझा हात, खरं सांगतो, आपसूक पुढं झाला. ती माझ्या बाजूनं तशीच पुढं गेली. खांबापाशी थांबली, डब्याखालचा दगड पदरानं पुसला, आणि पेला त्यावर ठेवला.